व्हेनिसच्या खाटा

व्हेनिस बघायला सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याने पाच युरो भरायचे. तिथे रात्री राहणाऱ्याने ते भरायचे नाहीत. २५ एप्रिल २०२४ला हा नियम पहिल्यांदा लागू झाला तेव्हा त्यासाठी वर्षातले २९ दिवस ठरवले होते, २०२५मध्ये त्यांचे ५४ झाले. वसुली सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात. आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्याला २०२५पासून पाचाऐवजी दहा युरो पडतात. चौदा वर्षांखालची मुलं, व्हेनेतो प्रांतातले रहिवासी आणि महापालिकेच्या हद्दीत कुठेही मुक्कामाला असलेला पाहुणा यातून मोकळा.

नियमामागचा हिशेब उघड आहे. दिवसाचा पाहुणा घरून डबा आणतो, पुलावर उभं राहून फोटो काढतो, कचरा टाकतो आणि जातो. रात्रीचा पाहुणा चार पैसे खर्च करतो. म्हणून पहिला नकोसा, दुसरा हवासा. आपल्याकडून सहल कंपनीबरोबर युरोपला जाणारे बहुतेक जण पहिल्या वर्गात मोडतात. बस त्रोंकेत्तोच्या तळावर लागते, तिथून बोटीने सान मार्को, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक, गोंडोला, कबुतरांसोबत फोटो, आणि संध्याकाळी शहराबाहेरच्या हॉटेलात पोळी-भाजीचं जेवण. दुसऱ्या वर्गात स्वतः आखणी करून जाणारं कुटुंब येतं. त्याला 'तिथल्या लोकांसारखं' राहायचं असतं, म्हणून ते कालव्याकाठी स्वयंपाकघर असलेलं घर आठवड्याच्या भाड्याने घेतं. हे कुटुंब स्वतःला बसमधल्या गटापेक्षा एक पायरी वरचं समजतं, आणि महापालिकेचा नियमही त्या समजुतीला दुजोरा देतो.

माझं म्हणणं असं की रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. दिवसाच्या पाहुण्याचा त्रास होतो हे खरंच. पण तो अंगावर येणारा, डोळ्यांना दिसणारा त्रास आहे आणि संध्याकाळी सातला ओसरतो. रात्रीच्या पाहुण्यासाठी जी खाट टाकली जाते ती ओसरत नाही. ती खाट ज्या खोलीत आहे त्या खोलीत वर्षभर दुसरं कोणी राहू शकत नाही.

जुन्या शहरात, म्हणजे पुलापलीकडची मेस्त्रे-मार्गेरा ही मुख्य भूमी आणि इतर बेटं सोडून, १९५१मध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. ऑगस्ट २०२२मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रिआल्तोजवळच्या एका चौकात औषधांच्या दुकानाच्या काचेत २००८पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे. लोक येता-जाता त्याकडे बघतात, जसं आपण धरणाच्या पातळीकडे बघतो. २०२३मध्ये घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या नागरिकांच्या गटाने सान्ता मार्गेरिता चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात दुसरा फलक लावला. तो पर्यटकांसाठी असलेल्या खाटा मोजतो. त्याच वर्षी खाटांनी माणसांना मागे टाकलं. हॉटेलं, पाहुणघरं आणि भाड्याची घरं अशा सगळ्या मिळून एकोणपन्नास हजारांवर खाटा, आणि रहिवासी त्याहून थोडे कमी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण भाड्याच्या घरांवर टीका करणारे ती सहसा गाळतात. शहर रिकामं झालं ते काही मोबाइलवरून घर बुक करण्याची सोय आल्यामुळे नाही. रहिवासी मोजणारा तो पहिला फलक २००८मध्ये लागला तेव्हाच आकडा साठ हजारांवर आला होता. तीनातले दोघं आधीच गेले होते. ४ नोव्हेंबर १९६६च्या पुरात पाणी १९४ सेंटिमीटरवर चढलं आणि तळमजल्यावर राहणं अनेकांनी कायमचं सोडलं. मार्गेराच्या कारखान्यांत नोकऱ्या होत्या, मेस्त्रेत लिफ्ट असलेल्या, कोरड्या, स्वस्त सदनिका होत्या, दाराशी गाडी लावता येत होती. ओल धरलेल्या भिंतीशेजारी मूल वाढवण्यापेक्षा पुलापलीकडे जाणं ज्यांनी पसंत केलं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

तेव्हा मात्र लोक जात होते आणि घरं मागे उरत होती. आज राहायला तयार असलेला माणूस आहे, पण त्याला घर मिळत नाही. इस्पितळातली परिचारिका, वापोरेत्तो म्हणजे सार्वजनिक बोट चालवणारा, का फोस्कारी आणि इयुआव या दोन विद्यापीठांचे विद्यार्थी, हॉटेलात चादरी बदलणारी बाई, यांतले कितीतरी जण रोज रेल्वेने किंवा ट्रामने पूल ओलांडून येतात आणि रात्री परत जातात. जुन्या गळतीचं कारण घरांची दुरवस्था होतं, नव्या गळतीचं कारण घरांची चलती आहे. दोन्हींवर एकच औषध चालणार नाही.

घराची खाट होते कशी, ते पाहू. २०१७मध्ये महापालिकेने जुन्या शहरात नवी हॉटेलं काढण्यावर बंधन घातलं. निर्णय चांगला होता, पण तो दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखा होता. हॉटेल काढायचं तर इमारतीचा वापर बदलण्याची परवानगी लागते. घर पर्यटकाला चार रात्रींसाठी भाड्याने द्यायचं तर कागदोपत्री ते घरच राहतं, वापर बदलत नाही. त्यामुळे पैसा खिडकीतून आत आला. नव्वद चौरस मीटरच्या घरात जिथे चौघांचं कुटुंब राहायचं, तिथे बैठकीच्या खोलीत सोफा-कम-बेड टाकला, कोठीची जागा काढून दुसरं न्हाणीघर बसवलं, की सहा खाटा झाल्या.

ते दुसरं न्हाणीघर वाटतं तेवढं निरुपद्रवी नाही. या शहराला आपल्या ओळखीची गटारव्यवस्था नाही. गल्ल्यांच्या फरसबंदीखाली विटांचे जुने नाले आहेत, त्यांना गातोली म्हणतात. सांडपाणी त्यांतून कालव्यात जातं आणि दिवसातून दोनदा येणारी भरती-ओहोटी ते समुद्राकडे नेते. गेल्या काही दशकांत बऱ्याच इमारतींना मैला साठवणाऱ्या टाक्या बसल्या. त्या बोटीवर बसवलेल्या पंपाने उपसाव्या लागतात. चौघांच्या राबत्याचा अंदाज घेऊन केलेल्या टाकीवर दर तीन दिवसांनी बदलणारे सहा जण आले, की टाकी लवकर भरते, नाला तुंबतो आणि वास वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला येतो, पाहुण्यांना नव्हे. ते तोवर फ्लोरेन्सला पोहोचलेले असतात. इमारतीच्या देखभालीच्या बैठकीला घरमालक येत नाही, कारण तो मिलानमध्ये असतो. चादरी-टॉवेलांची गाठोडी सकाळी हातगाडीवरून पुलांच्या पायऱ्यांवर धाडधाड आपटत धक्क्यावर जातात आणि तिथून बोटीने धुलाईला. एका घराचं हे काम आठवड्यातून दोनदा होतं. गल्लीत अशी वीस घरं असली की खालच्या मजल्यावरचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान बंद होऊन तिथे मुखवटे मिळू लागतात, कारण पाहुण्याला बिजागरी लागत नाही.

आता घरमालकाची बाजू. ती खोटी नाही. इटलीत नेहमीचा निवासी भाडेकरार चार वर्षांचा असतो आणि पुढे आणखी चार वर्षं चालू राहतो. भाडेकरूने भाडं थकवलं तर त्याला उठवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे वेळ लागतो. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मुंबईत पागडीची घरं पाहिलेला, किंवा 'भाडेकरू बसला की उठत नाही' हे आजोबांकडून ऐकलेला प्रत्येक जण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार का करतो, तेच इथे आहे. शिवाय व्हेनिसमध्ये घर सांभाळणं महाग. सिमेंटची गोणी असो की कपाट, आधी बोटीने, मग हातगाडीने, मग खांद्यावर. खारं पाणी विटांतून वर चढतं, गिलावा दर काही वर्षांनी सुटतो.

भीती खरी असली तरी ती पूर्ण उत्तर नाही. कायद्यात मधले रस्ते आहेत. शहरातल्या संघटनांनी मिळून ठरवलेल्या दराने भाडं घेणारा 'तीन अधिक दोन' वर्षांचा करार आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी सहा महिने ते तीन वर्षांचा करार आहे. या दोन्हींवर मालकाने ठोक कराचा पर्याय निवडला तर दहा टक्केच कर लागतो. पर्यटकांना दिलेल्या पहिल्या घरावर तोच कर २१ टक्के आणि २०२४पासून दुसऱ्या घरावर २६ टक्के. म्हणजे सरकारने कराची सवलत राहणाऱ्याच्या बाजूने आधीच दिलेली आहे. तरीही पारडं झुकत नाही, ते का, हे एका उदाहरणाने पाहता येईल. पुढचे आकडे मी दाखल्यापुरते घेतले आहेत, कोणत्या पाहणीतले नाहीत.

समजा दोन खोल्यांच्या घराला महिना एक हजार युरो ठरीव भाडं मिळतं. वर्षाचे १२,०००, कर जाऊन १०,८००, वीज-पाणी भाडेकरूचं. तेच घर पर्यटकांना रात्री १६० युरोने २२० रात्री गेलं तर ३५,२०० युरो होतात. त्यातले तीस टक्के, म्हणजे १०,५६०, बुकिंगची संस्था, व्यवस्थापक आणि साफसफाई यांत जातात. ठोक कर खर्च वजा न करता मूळ रकमेवर लागतो, तो ७,३९२. वीज, गॅस, इंटरनेटचे तीनेक हजार. हातात उरतात १४,२००च्या आसपास. आता तेच घर वर्षाला फक्त १२० रात्री देता येईल असं धरा, आणि मालक हुशार आहे, त्याने सगळ्यांत महाग १२० रात्री निवडल्या, दर २०० युरो मिळवला. एकूण २४,००० होतात. त्यातून ७,२०० व्यवस्थापनाचे, ५,०४० कराचे आणि दोनेक हजार बिलांचे वजा केले की पावणेदहा हजार उरतात. राहणाऱ्या भाडेकरूकडून मिळणाऱ्या १०,८००पेक्षा हे कमी आहेत, आणि दगदग जास्त. कर दोन टक्क्यांनी वर-खाली करून जे साधत नाही ते रात्रींची मर्यादा घालून साधतं. मालक उरलेल्या आठ महिन्यांत विद्यार्थी ठेवील, असा एक आक्षेप यावर घेतला जातो. ठेवू दे की! विद्यार्थी हिवाळ्यात पाव विकत घेतात, त्यांची सायंकाळी कुठे तरी ऊठबस असते. सोय म्हणून ती अर्धीच, पण आजच्यापेक्षा बरी.

१२० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. २०२२मध्ये इटलीच्या संसदेने एका वेगळ्याच आर्थिक कायद्याला दुरुस्ती जोडून एकट्या व्हेनिसला खास अधिकार दिला: भागाभागाप्रमाणे पर्यटकांच्या घरांची कमाल संख्या ठरवा, आणि वर्षाला १२० दिवसांहून अधिक काळ घर द्यायचं असेल तर वापर बदलण्याची परवानगी घ्यायला लावा. म्हणजे नेमकी ती उघडी खिडकी बंद करण्याची मुभा. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराला तेव्हा ही मुभा नव्हती. फ्लोरेन्सने तशी खास मुभा नसताना २०२३मध्ये आपल्या जुन्या भागात नव्या पर्यटक-घरांना बंदी घातली आणि कोर्टकचेऱ्या अंगावर घेतल्या. व्हेनिसने हातात अधिकार असताना वर्षं चर्चेत घालवली आणि जोर लावला तो प्रवेशशुल्कावर.

यामागचं राजकारण बाहेरच्याला चटकन दिसत नाही. महापालिका एकच आहे आणि तिच्यातल्या सुमारे अडीच लाख लोकांपैकी पाचातला एकच जुन्या शहरात राहतो. महापौर निवडून येतो तो मुख्य भूमीवरच्या मतांवर. व्हेनिस आणि मेस्त्रे वेगळे करावेत म्हणून १९७९पासून २०१९पर्यंत पाच वेळा सार्वमत झालं आणि पाचही वेळा ते फसलं. त्यात जुन्या शहरातल्या उरलेल्या रहिवाशांपैकी कित्येकांची स्वतःचीच एखादी खोली पाहुण्यांना दिलेली असते. बाहेरून येणाऱ्याकडून पाच युरो घेण्याला मतदार विरोध करत नाही. शेजाऱ्याच्या उत्पन्नावर मर्यादा घालायची म्हटलं की करतो.

'नियम केला तरी पाळतोय का नाही ते बघणार कोण?' हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा बचाव आहे, आणि तो आता टिकत नाही. इटलीत प्रत्येक पाहुण्याची ओळख मालकाने चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर कळवायची असते; परदेशी पाहुणा घरी उतरला तर आपल्याकडेही सरकारला कळवावं लागतं, तसंच. महापालिकेचा मुक्काम-कर माणशी दर रात्री आकारला जातो, पहिल्या पाच रात्रींपुरता. म्हणजे एकच रात्र दोन दप्तरांत लिहिलेली असते. जानेवारी २०२५पासून प्रत्येक घराला देशपातळीवरचा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो जाहिरातीत छापायचा आणि इमारतीच्या बाहेर लावायचा. क्रमांकच नसेल तर ८०० ते ८,००० युरो दंड. शिवाय बुकिंगच्या संस्थांनी दर घराच्या रात्रींची माहिती सरकारी यंत्रणेला द्यावी असा युरोपीय संघाचा २०२४चा नियम आहे, त्याची अंमलबजावणीची तारीख २० मे २०२६. ॲमस्टरडॅम हे दुसरं कालव्यांचं शहर वर्षाला जास्तीत जास्त तीस रात्रींची मर्यादा, एका वेळी चारच पाहुणे आणि परवाना, हे सगळं कितीतरी आधीपासून राबवतं आहे. तिथेही चोरवाटा निघाल्या. तीन वस्त्यांत घातलेली संपूर्ण बंदी कोर्टाने २०२१मध्ये रद्द केली. पण मर्यादा टिकली. घरमालक आपलं राहतं घर सुट्टीत देतो आणि परत येऊन त्यात राहतो, ही मूळ कल्पना तिथे कायद्याने जिवंत ठेवली आहे.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर तिथे घर घेऊ पाहणाऱ्याने काय करावं? 'जाऊच नका' हे उत्तर मला दांभिक वाटतं. पाच जणांच्या शाकाहारी कुटुंबाला, त्यात एक आजी आणि एक लहान मूल असताना, स्वयंपाकघर ही चैन नसते. पण घराघरांत फरक आहे आणि तो जाहिरातीतच ओळखता येतो.

आधी तो ओळख क्रमांक बघावा. व्हेनिस महापालिकेतल्या घरांचा क्रमांक 'आयटी ०२७०४२'ने सुरू होतो. मात्र मेस्त्रेही त्याच महापालिकेत असल्याने तिथल्या घराचा क्रमांकही असाच असतो, आणि 'व्हेनिसपासून दहा मिनिटं' असं लिहिलेल्या घरांत नेमका हाच घोळ होतो. फरक पिनकोडात आहे: जुन्या शहराचे सहा विभाग ३०१२१ ते ३०१२५ आणि ३०१३५ या कोडांत येतात, मेस्त्रेचे कोड ३०१७पासून सुरू होतात. मग मालकाच्या नावावर टिचकी मारून त्याची आणखी किती घरं आहेत ते पाहावं. एक किंवा दोन असतील, आणि तो त्याच इमारतीत किंवा त्याच विभागात राहत असेल, तर तुमच्या भाड्याने शहरातला एक रहिवासी तगतो. चाळीस घरं निघाली तर ते हॉटेलच आहे, फक्त हॉटेलचे नियम न पाळणारं. त्यापेक्षा खरं हॉटेल घ्यावं. मालक राहत असलेल्या घरातली खोली किंवा एखाद्या धर्मसंस्थेचं पाहुणघर हे दोन पर्याय मराठी प्रवासी सहसा बघतच नाहीत; ते स्वच्छ असतात, बऱ्याचदा स्वस्तही.

तीन रात्रींपेक्षा कमी राहायचं असेल तर घर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साफसफाईचं शुल्क एकरकमी असल्याने ते दोन रात्रींवर वाटलं की हॉटेल स्वस्त पडतं. आणि शहरावरचा भार रात्रींनी वाढत नाही, पाहुणे बदलण्याने वाढतो. सात रात्री राहणाऱ्या एका कुटुंबासाठी चादरींचं गाठोडं एकदा बाहेर जातं. दोन-दोन रात्री राहणाऱ्या तीन गटांसाठी तीनदा.

मजला विचारावा. 'कालव्याशी समपातळीत, रोमँटिक' असं लिहिलं असेल तर घर तळमजल्यावर आहे. दाराच्या फोटोत चौकटीच्या दोन्ही बाजूंना खालच्या गुडघाभर उंचीत धातूच्या खाचा दिसल्या तर तिथे पाणी अडवायची फळी बसवतात, म्हणजे पाणी येतं. समुद्राचं पाणी अडवणारे मोझेचे दरवाजे ऑक्टोबर २०२०पासून उचलले जातात, पण साधारण ११० सेंटिमीटर भरतीचा अंदाज असेल तेव्हाच. सान मार्कोचा चौक त्याच्या खूप आधी, ऐंशी-पंच्याऐंशीलाच ओला व्हायला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं असतं, पण लिफ्ट नसते. आजींचे गुडघे आणि सुटकेसचं वजन यांचा विचार करूनच ठरवावं. धक्क्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत हा प्रश्न मीटरच्या अंतरापेक्षा महत्त्वाचा, कारण प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या. पत्ता 'कास्तेल्लो आणि एक चार आकडी संख्या' असा असेल; कास्तेल्लो हा जुन्या शहराच्या सहा विभागांपैकी एक. क्रमांक रस्त्याप्रमाणे नाही, आख्ख्या विभागाप्रमाणे चालतो आणि कास्तेल्लोत सहा हजारांच्या वर जातो. म्हणून मालकाकडून गल्लीचं आणि जवळच्या बोटथांब्याचं नाव लिहून घ्यावं, नाहीतर रात्री अकराला सामानासकट फिरत बसाल.

दारावरच्या डबीत किल्ली ठेवून मालक गायब, ही पद्धत पाहुण्याला सोयीची वाटते. नोव्हेंबर २०२४मध्ये इटलीच्या गृहमंत्रालयाने पाहुण्याची ओळख समोरासमोर पटवण्याचा आग्रह धरला, त्यावर न्यायालयात वादही झाला. कायद्याचं काहीही होवो, जो मालक पासपोर्ट न बघता, मुक्काम-कराची पावती न देता किल्ली देतो तो त्या दोन दप्तरांपैकी एकात तरी तुमची रात्र लिहीत नसण्याची शक्यता असते. अशाच रात्री पुढे मोजणीतून निसटतात. कर भरलेल्या पाहुण्याला प्रवेशशुल्क माफ असलं तरी ठरलेल्या दिवसांत माफीचा क्यूआर कोड महापालिकेच्या संकेतस्थळावरून आधी काढावा लागतो. तो नसेल तर तपासनीसाशी हुज्जत घालावी लागते.

आत गेल्यावर आपल्या स्वयंपाकाशी संबंध येतो तो विजेचा. इटलीतल्या घरांना बहुधा तीन किलोवॅटचीच जोडणी असते. इंडक्शन शेगडी, धुण्याचं यंत्र आणि एसी एकदम चालू केलं की मुख्य खटका पडतो, आणि तो कित्येकदा तळमजल्यावरच्या मीटरच्या कपाटात असतो, ज्याची किल्ली तुमच्याकडे नसते. कुकर लावायचा तेव्हा एसी बंद. आपले जाड गोल पिनांचे प्लग तिथल्या खाचेत बसत नाहीत, अडॅप्टर न्यावा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं आणि अग्निशामक नळकांडं पर्यटक-घरात आता सक्तीचं आहे. दिसलं नाही तर विचारावं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बाटल्यांचे गठ्ठे विकत घेऊ नयेत, कारण रिकामी प्रत्येक बाटली पुन्हा बोटीनेच शहराबाहेर न्यावी लागते.

आणि कचरा. व्हेनिसच्या रहिवाशाला पाहुण्याचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. गल्लीत कचऱ्याच्या मोठ्या पेट्या नाहीत. पालिकेची माणसं सकाळी दारावर येतात, किंवा आपण स्वतः सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान ठरलेल्या धक्क्यावरच्या बोटीत पिशवी टाकायची. कागद एक दिवसाआड, प्लास्टिक-काच-डबे त्याच्या मधल्या दिवशी, ओला-सुका उरलेला कचरा रविवार सोडून रोज. रात्री पिशवी दाराबाहेर ठेवायला मनाई आहे, कारण पहाटे समुद्रपक्षी ती फाडतात आणि उरलंसुरलं उंदीर नेतात. पाहुण्याचं चुकतं ते शेवटच्या दिवशी. विमान पहाटेचं असतं किंवा दिवस रविवारचा असतो, म्हणून चार दिवसांचा साठलेला कचरा दाराशी ठेवून तो निघून जातो. हे टाळायचं तर शनिवारी सकाळी साठलेलं देऊन टाकावं, रविवारचं घट्ट बांधून घरातच ठेवावं आणि मालकाला तसं सांगावं. मालक जवळपास राहणारा असेल तर तो सोमवारी ते बाहेर काढील. मिलानमध्ये असेल तर त्याच्या सफाईवाल्या बाईच्या पुढच्या फेरीपर्यंत ते तिथेच कुजेल, आणि त्याचा वास पुन्हा वरच्या मजल्यावरच्या म्हातारीकडेच जाईल.

मर्यादा आली तर घरं महाग होतील हे उघड आहे. खाटा कमी झाल्या की उरलेल्यांचा दर चढणार, आणि पाच जणांचं कुटुंब कालव्याकाठच्या घराऐवजी मेस्त्रेच्या स्टेशनाजवळ उतरेल. तिथे गेल्या काही वर्षांत मोठी हॉटेलं नव्याने बांधली आहेत. कोणाचं घर काढून नव्हे. रेल्वेने जुन्या शहरातलं सान्ता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर, ट्राम थेट जुन्या शहराच्या तोंडाशी असलेल्या पियाझ्झाले रोमापर्यंत. मुक्काम पालिकेच्या हद्दीत असल्याने पाच युरोंची माफी तिथेही मिळते. सकाळी सातच्या गाडीत त्या कुटुंबाला परिचारिका आणि विद्यार्थ्यांच्या शेजारी उभं राहावं लागेल. मर्यादा नीट राबवली गेली, तर काही वर्षांनी त्या गाडीतली थोडी जागा मोकळी झालेली असेल.